वेचणी

१

चारकोपच्या सेक्टरमध्ये धोंडिराम आणि द्रौपदीला घर मिळालं ते पंच्याऐंशी साली. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे चार पावलांचं अंगण. अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत, भिंतीपलीकडे खाजण, खाडीची दलदल. अंगणात जायला दार एकच, तेही स्वयंपाकघरातून.

धोंडिराम रंगाच्या कारखान्यात होता. रिटायर होताना त्याने साहेबांना विचारून वीस-वीस लिटरचे रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, लाल माती आणि शेणखत भरलं आणि त्या चार पावलांत वांगी, मिरची, भेंडी, टोमॅटो लावले. भिंतीवर दोडका चढवला. माणूस परभणीकडचा, मुंबईत तीस वर्षं काढली तरी हात मातीचेच राहिले होते.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. वाचाही गेली, एक शब्द तेवढा मागे राहिला. "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, लेक उत्तरा मुलुंडहून भेटायला आली तरी बरं. द्रौपदी रोज सकाळी त्याचं अंग पुसायची, खुर्चीत बसवायची आणि खुर्ची मागच्या दारात ओढून ठेवायची. निदान आपली झाडं तरी दिसावीत.

झाडांचं सगळं आता तिच्याकडेच आलं होतं. एप्रिलात ऊन तापलं तसा भेंडीवर मावा पडला, वांग्याच्या शेंड्यांनी अळीमुळे माना टाकल्या, मिरचीच्या पानांखाली कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला. औषध मारायचं नाही, हा धोंडिरामचा दंडक होता. जे तोंडात घालायचं त्यावर विष कशाला? म्हणून ती गावाहून आणलेल्या वाळक्या निंबोळ्या कुटायची, फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायची आणि ते पाणी कुंच्याने पानांवर शिंपडायची. सकाळी चुलीची राख भुरभुरायची. आणि सगळ्यात खात्रीचं काम, हातानं वेचणं. उकिडवं बसून एकेक पान उलटायचं, कीड दिसली की अंगठ्याच्या नखाने काढायची आणि डालड्याच्या डब्यात टाकायची. डब्यात साबणाचं पाणी असे. किडकं पान असेल तर तेही खुडायचं. चिट. तासभर हेच चाले, आणि धोंडिराम बघत बसे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती दार उघडून बाहेर आली, तर डबा भरलेला होता.

डबा ती रोज धुऊन भिंतीशी उपडा घालायची. आज तो उताणा होता. आत पाणी होतं, पाण्यावर माव्याची साय धरली होती आणि तळाशी अळ्यांचा बोटभर थर होता. तिने भेंडीचं पान उलटलं. स्वच्छ. वांग्याचं उलटलं. तेही स्वच्छ. घासलेल्या ताटासारखं.

तिने आत येऊन नवऱ्याला विचारलं, "अहो, काल संध्याकाळी मी वेचायला बसले होते का?"

"बरं," धोंडिराम म्हणाला.

२

बसली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. साठीकडे झुकलेलं वय, रात्रीची झोप नाही, दर दोन तासांनी नवऱ्याला कूस बदलून द्यायची. अशात माणूस काय करतो आणि काय विसरतो, कोणी सांगावं. त्या दिवशी तिने डबा धुतला, उपडा घातला आणि वर वीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी वीट बाजूला काढून ठेवलेली होती. पडलेली नाही, नीट, भिंतीला लावून. डबा भरलेला.

चारकोप गावातली सखुबाई रोज दहाच्या सुमाराला मासळीची पाटी घेऊन यायची. पाटी उतरवून दोन घोट पाणी प्यायची, दोघींची गट्टी होती. द्रौपदीने तिला मागे नेऊन झाडं दाखवली.

"पाखरू येत आसंल गो," सखुबाई म्हणाली. "खाजणातशी दयाळ येतो, तो किरे खातो."

"पाखरू डब्यात पाणी भरतं का?"

सखुबाई हसली. "तुना काय करायचाय? फुकटचा गडी भेटला तर भेटला."

द्रौपदीलाही थोडं हसू आलं. खरं सांगायचं तर पुढचे आठ-दहा दिवस तिला बरंच वाटलं. निंबोळ्या कुटणं थांबलं, सकाळचा तास मोकळा झाला. झाडं अशी तरारली की शेजारचा काशीराम स्टुलावर चढून मधल्या भिंतीवरून विचारायला लागला, काकी, खत कुठलं घालता? मूठमूठ भेंडी निघायची, ती आळीत वाटायची.

फक्त दुपारी पुढच्या खोलीत ती तांदूळ निवडत बसली की मागून आवाज यायचा. चिट. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा चिट. नखाने देठ खुडल्याचा आवाज. तो तिच्याइतका कोणाला माहीत असणार? ती उठून मागे गेली की थांबायचा. अंगणात ऊन रखरखत असायचं, खाजणाकडून चिखलाचा वास यायचा आणि धोंडिराम खुर्चीत बसून बघत असायचा. बघत म्हणजे, त्याचे डोळे एका जागी नसायचे. झाडावरून झाडावर सरकत, थांबत, पुन्हा सरकत. अंगणात वावरणाऱ्या माणसाकडे बघावं तसे.

"कोण आहे हो?"

"बरं."

३

दोडका मात्र काही धरेना. वेल भिंतभर पसरला होता, फुलंही पिवळीधमक यायची, पण दोडका एक नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी नवऱ्याला चहा भरवताना ती सहज बोलून गेली, "हा काही फळायचा नाही बघा. उगाच दुसऱ्यांचं पाणी खातोय. उपटायला पाहिजे."

सकाळी वेल उपटलेला होता.

भिंतीवरून उतरवून, गुंडाळून, डब्याशेजारी ठेवलेला. एकही पान फाटलं नव्हतं. मुळं तर धुतलेली होती, पांढरी, एकेक तंतू सुटा केलेला. आणि डब्यातली माती बोटांनी सारखी करून ठेवली होती.

द्रौपदीने एक धुतलेलं मूळ बोटांत धरून बघितलं. चोर नव्हे हे. चोर भेंड्या नेतो. कोणाची चेष्टाही नव्हे. सात फुटी भिंतीवर काचा लावलेल्या होत्या आणि दाराला आतून कडी होती. मग ती मनाशी जो हिशेब मांडायला लागली तो भलताच होता. कालचं वाक्य ती कोणाकोणासमोर बोलली? नवऱ्यासमोर. आणि उघड्या दारात.

सखुबाईने वेल बघितला आणि पाटी उतरवलीच नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "आमचे गावात भगत हाय. इचारू का त्याला?"

"नको गं."

"इचारला तर काय जातंय?"

द्रौपदीने मान हलवली. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या धोंडिरामने घरातले देव स्वतःच्या हाताने विहिरीत सोडले होते. तेव्हा पंचविशी ओलांडलेला तरुण होता. बाप लाकूड घेऊन मागे लागला तरी हटला नाही. भुतंखेतं, अंगारेधुपारे, भगत, सगळं त्याच दिवशी घराबाहेर गेलं. तो आता दारात बसलेला असताना, उठून अडवूही शकत नसताना, तिने त्याच्या पाठीमागे भगत आणायचा? ते तिच्याने होणार नव्हतं.

त्या दिवसापासून मागच्या दारात ती बोलेनाशी झाली.

४

उत्तरा रविवारी आली. मुलुंडच्या शाळेत शिक्षिका, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि आता तिसरा महिना लागलेला. अन्नपाणी पोटात ठरत नव्हतं. गालफडं बसली होती. तरी आल्या आल्या तिने पदर खोचला आणि मागच्या दारात बापाला जेवू घालायला बसली.

अर्धा घास आत जायचा, अर्धा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. उत्तरा पुसायची, पुन्हा भरवायची. भात गार झाला. तिचे डोळे भरून आले.

"आई, तू स्वतःकडे बघितलंस का कधी? किती वाळलीस."

"उत्तरा, आत ये. आत बोलू."

"मी खरं तेच बोलतेय. तू सगळी यांच्यात चाललीस. आणि बाबांमध्ये आता काय राहिलंय गं? नुसतं..."

द्रौपदीने धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या जोरात, की ताटली खाली पडली. उत्तरा घाबरून बघत राहिली. लहानपणीसुद्धा आईने कधी हात उगारला नव्हता.

अंगणात वारा नव्हता. मिरचीचं एकच रोप हलत होतं, कोणीतरी नुकतंच सोडल्यासारखं.

"आई, काय झालं?"

"काही नाही. तू आत चल. आणि परत इकडे येऊ नको इतक्यात, तुझी तब्येत बरी नाही..." तेही वाक्य तिने अर्ध्यावर गिळलं. "तुझी तब्येत चांगली आहे. ठणठणीत आहेस तू."

संध्याकाळी उत्तरा रडवेली होऊन गेली. द्रौपदी मागच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर डबे, डब्यांत झाडं, वर खाजणावर लालसर उजेड. तिने घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणतात तसं मोठ्याने, सुटं सुटं म्हणाली, "हे चांगले आहेत. यांना काही झालेलं नाही. मी आहे यांचं करायला. मला जड नाहीत."

भिंतीपलीकडे कुठेतरी चिखलात बुडबुडा फुटला. बाकी काही नाही.

५

आधी नखं गेली. डाव्या हाताची नखं ती दर आठवड्याला कापायची, यावेळी राहून गेली होती. सोमवारी दुपारी बघते तर कापलेली. इतकी गोल आणि गुळगुळीत, की ब्लेडने जमणार नाही.

मग पडून पडून पाठीवर झालेल्या जखमांच्या खपल्या गेल्या. डॉक्टर बुधवारी आले ते खूश झाले. "वा, बाई, तुम्ही नर्सला लाजवाल. कातडी अगदी स्वच्छ." ती काय बोलणार? दारात तो दिवसभर बसतो, मी पुढे असते, आणि कोणीतरी त्याला निवडतं, असं सांगायचं? डॉक्टरांनी तिलाच गोळी दिली असती. आणि कदाचित तेच बरोबर असतं. आपणच हे करतो आणि विसरतो, हे तिने किती वेळा स्वतःला पटवायला बघितलं. आपल्या हातांचा वास घेतला. साबणाचाच वास होता.

गुरुवारी डालड्याच्या डब्यात साबणाचं पाणी होतं, आणि पाण्यात दोन दाढा.

तिने नवऱ्याचं तोंड उघडून बघितलं. रक्त नव्हतं. हिरडी भरून आलेली होती. धोंडिराम तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, हेच तिला सगळ्यात असह्य झालं. उजवा हात वर करून त्याने तिच्या गालावर ठेवला.

"दुखतं का हो?"

"बरं."

"तुम्ही नको म्हणा ना त्याला. एकदा तरी नको म्हणा."

त्याचे ओठ हलले. त्याने खूप प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळाला घाम सुटला. शेवटी बाहेर पडला तो तोच शब्द.

६

शुक्रवारी सकाळी तिने झाडं उपटली. सगळी. लगडलेली वांगी, हिरव्या मिरच्या, टोमॅटो, काही बघितलं नाही. काशीरामला हाक मारली आणि माती, झाडं, डबे, सगळं हातगाडीवर घालून खाजणात टाकायला लावलं. काशीराम हळहळला, पण काकींचा चेहरा बघून गाडी ओढायला लागला. झाडंच नसतील तर वेचायला कोण येईल, एवढा साधा विचार होता तिचा. अंगण धुऊन काढलं. मागच्या दाराला कडी घातली आणि आतून ज्वारीची कोठी सरकवून लावली. धोंडिरामची खुर्ची पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आणली.

तो दिवस शांत गेला. शनिवारही. किती दिवसांनी तिने घरात मोठ्याने बोलून बघितलं. आज भाजी काय करायची, ऊन केवढं तापलंय, असलं काहीबाही.

रविवारी चार वाजता सेक्टरच्या नळाला पाणी आलं. घरात थेंब नव्हता. तिने पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, दोन कळशा घेतल्या आणि रांगेत कोणाशी बोलत न बसता पंधरा मिनिटांत परत आली. खिडकीजवळ पोचली आणि आतून ऐकू आलं.

चिट.

खिडकीला अर्धा पडदा होता. पडद्यावरून तिला नवऱ्याचा चेहरा एका बाजूने दिसला, खुर्चीची कड दिसली. त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं होती.

लांब, मातकट बोटं. त्यांनी त्याचा चेहरा सावकाश उजेडाकडे वळवला, पान उलटून धरतात तसा. फार हळुवारपणे. मग कानाची पाळी मुडपून मागे बघितलं. बघणारं कोणी तिला दिसलं नाही. खुर्ची आणि कपाट यांच्यामध्ये वीतभर जागा होती, तिथे माणूस मावला नसता. हात तेवढा दिसला. तो कपाटामागून आला होता, आणि त्याला कोपरं एकाहून जास्त होती.

कळशी तिच्या कमरेवरून कधी घसरली, कळलं नाही. किल्ली कुलपात जाईना. किल्ली उलटी धरली होती, आणि आतून तो आवाज येत राहिला, घाई नसलेला, एकसारखा, कामाला बसलेल्या माणसाचा. मग थांबला.

दार उघडलं तेव्हा खोलीत धोंडिराम एकटाच होता. चेहरा उजेडाकडे होता. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. असं होतं, बाई. तुम्ही फार केलंत. रात्री आठच्या आत सगळे जमले, पांढरी फुलं आली, त्रिशरण पंचशील झालं. उचलताना काशीराम चमकला. मागाहून तो बायकोला हळूच म्हणाला, डावीकडून मी एकट्यानेच धरलं होतं, वजनच लागलं नाही. द्रौपदीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

७

जलदानविधी झाल्यावर उत्तरा म्हणाली, "आई, मुलुंडला चल. इथे एकटी काय करणार?"

"येईन. पावसाळा होऊ दे."

"मला कोणीतरी हवंय गं आता." उत्तराचा चेहरा ओढलेला होता, मनगटं काडीसारखी झाली होती. कोणीही बघून म्हणालं असतं, हिच्यात काही राहिलं नाही. द्रौपदीने तिला दारातूनच रिक्षात बसवलं, दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि सांगितलं, "मी येईपर्यंत तू इकडे फिरकू नको. माझी शपथ आहे."

शपथ या घरात कोणी घालत नसे. उत्तराने आईकडे बघितलं आणि मान डोलावली.

जे काही आहे ते इथेच अडकून राहिलं पाहिजे, लेकीच्या मागे जाता कामा नये, एवढंच द्रौपदीला कळत होतं. आणि ते अडकवायला तिच्याजवळ दुसरं काय होतं? तिने ज्वारीची कोठी सरकवली. मागचं दार उघडलं. रिकाम्या अंगणासमोर नवऱ्याची खुर्ची ठेवली, तीत बसली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "ही बाई म्हातारी झाली. गुडघे गेले, डोळे गेले. हिच्यात काही राहिलेलं नाही. कोणाला हिचा उपयोग नाही."

दुपार गेली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली, तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. अंगण पुसलेल्या पाटीसारखं रिकामं होतं, खाजणावर बगळे उतरत होते. सखुबाई दारातून हाका मारून गेली. ती खुर्चीतून उठली नाही.

चौथ्या दिवशी उठताना गुडघा दुखला नाही. चुलीपाशी बसताना दुखला नाही, उभं राहतानाही नाही. टाचांच्या भेगा, वीस वर्षांच्या, भरून आलेल्या होत्या. केसांतून फणी फिरवली, तर पांढरा केस एक आला नाही. आरशात बघायचं तिने टाळलं, पण पाणी पिताना लोट्यात चेहरा दिसलाच. तजेलदार होता. रोपं फार दाट झाली की धोंडिराम काय करायचा, ते तिला त्या क्षणी आठवलं. तो अशक्त रोप काढून टाकायचा. त्यात रागलोभ नसे. शेजारच्याला जागा व्हावी, पाणी पुरावं, म्हणून. या घरात राखलेलं रोप ती होती.

आपण हात जोडून जे मागत बसलो होतो, ते आपल्याला कधीच मिळणार नव्हतं.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. ओरडावं असं वाटलं, पण ओरडून सांगायचं कोणाला आणि काय? मला बरं वाटतंय म्हणून? उन्हाची तिरीप सरकत पायरीपर्यंत आली. तिचा डोळा केव्हा लागला, तिला कळलं नाही.

जाग आली ती पावलांना गारवा लागला म्हणून. अंगण कोरडं ठाक होतं, फरशी तापलेली होती. फक्त तिच्या दोन्ही पावलांभोवती पाणी घातलेलं होतं, गोल, बेताचं, मुळाशी मुरेल असं.

तिने पाय उचलून बघितला. उचलायला थोडा वेळ लागला, मुळं सोडवावी लागतात तसा.